मी जरलो नाजी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला मी छपाईच्या खोलीचं कुलूप काढलं आणि बघतो तर काय, आमच्या आजोबांचं कुणीतरी तोंडच बदलून टाकलं होतं.

आजोबा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. वय सोळा, रंग मूळचा पांढरा, आता पिवळट, आणि जागं व्हायला सात मिनिटं घेणार म्हणजे घेणार. पण कामाला वाघ. आमचा छापखाना ब्रेलचा आहे. न दिसणाऱ्या माणसांसाठी उठावदार ठिपक्यांची पुस्तकं आम्ही काढतो. आजोबांच्या पोटातला प्रोग्रॅम मजकुराचे ठिपके करतो आणि शेजारचं यंत्र ते जाड कागदावर ठोकतं. यंत्र मी चालवतो, बावीस वर्षं झाली. माझा आवाज मोठा आणि डोकं त्याहून गरम, म्हणून सगळे मला तोफ म्हणतात.

तर पडद्यावर एरवी साधा निळा रंग असतो, तिथे डोंगर आणि तळं आलं होतं. त्यावर ताटाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, "अभिनंदन! तुमचा कॉम्प्युटर आता अद्ययावत आहे." मी आमच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. तितक्याच दांडग्या अक्षरांत उत्तर आलं की तुमचा परवाना या सिस्टिमवर चालत नाही, वार्षिक वर्गणी भरा. अक्षरं एवढी मोठी की वाक्य एका पडद्यात मावेना. या नव्या लोकांना प्रत्येक गोष्ट ओरडूनच सांगायची असते, असं मी मनात म्हटलं. मी म्हटलं म्हणजे बघा.

डोक्यात तिडीक गेली. हा प्रोग्रॅम आम्ही विकत घेतलाय हो, कायमचा! त्याचा पुरावा म्हणून कंपनीने अंगठ्याएवढी एक खुंटी दिली होती. ती आजोबांच्या पाठीत खुपसलेली असली तरच प्रोग्रॅम उघडतो. आम्ही तिला ताईत म्हणतो. पुढे ती कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीने गिळली आणि ताईत देणं बंद झालं. आता प्रोग्रॅम भाड्यानेच मिळतो, वर्ष संपलं की बंद पडतो.

मी आजोबांच्या पाठीमागे हात घातला. ताईत नव्हता.

मला काळजी लागली ती कंपनीची नाही, भाचीची. माझ्या बहिणीची ही मुलगी दहावीला आहे आणि जन्मापासून तिला दिसत नाही. तिच्या भूमितीच्या पुस्तकाचे पाच भाग व्हायचे, त्यातले तीन झाले होते. उरलेल्या दोनांत सगळी वर्तुळं आणि स्पर्शिका. पेपर पुढच्या सोमवारी होता. शाळेने तिला सांगितलं होतं की आकृत्यांचे प्रश्न सोड, तुला सूट मिळेल. ती मला फोनवर म्हणाली होती, "मला सूट नको, मामा. मला पुस्तक दे." मी गुरुवारचा शब्द दिला होता.

ताईत गेला, पण त्याची जागा रिकामी नव्हती. तिथे कुणाचा तरी काळा पेनड्राइव्ह ऐटीत बसला होता.

२

दहाला मावशी आल्या. मावशी आमच्या मुद्रितशोधक. छापलेल्या प्रत्येक पानावरून त्यांची बोटं फिरल्याशिवाय पान बांधायला जात नाही. त्यांनाही जन्मापासून दिसत नाही, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या बोटांतून एक ठिपका सुटल्याचं मला आठवत नाही. मी आरडाओरडा करत सगळं सांगितलं. त्यांनी आधी खुर्ची शोधली, बसल्या, आणि म्हणाल्या, "काय गेलं ते कळलं. आता नवीन काय आलंय ते सांग."

मी पेनड्राइव्हचं सांगितलं, डोंगर-तळ्याचं सांगितलं, अक्षरांचंही सांगितलं. अक्षरांपाशी त्यांनी मला थांबवून पुन्हा विचारलं, किती मोठी? मी म्हटलं, ताटाएवढी.

मग मी मागचा इतिहास काढला. सहा महिन्यांपूर्वी आमच्या कॉम्प्युटरवाल्याने अर्धा तास इंटरनेटची वायर जोडली होती. तेवढ्यात ही नवी सिस्टिम आत शिरली आणि आगंतुक पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली. तेव्हापासून रोज एक चौकट यायची, आत्ता बसवू की नंतर बसवू? नकोच, असं म्हणायची सोयच नाही. हा कुठला न्याय? म्हणून मी पुठ्ठ्यावर बारीक पेनाने लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं, "कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारा. दुसरं काहीही दाबू नका." आमच्याकडे लहानथोर सगळे फुलीवर टिचकी मारायचे.

खोलीच्या किल्ल्या तीनच. एक माझ्याकडे, एक छापखान्याचे प्रमुख अण्णा यांच्याकडे, एक त्या कॉम्प्युटरवाल्याकडे. मी शनिवारी एकला कुलूप लावून गेलो होतो, तेव्हा आजोबा ठणठणीत होते.

"मग झालंच की," मी म्हणालो, "चोर जावईबापू."

बाहेर स्कूटर थांबली. चोर स्वतःहून दारात आला होता.

३

जावईबापू हे आमच्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मीच ठेवलंय. महिन्यातून एकदा येतो, चहा मागतो, नाक मुरडतो, तुमचं सगळं जुनाट आहे म्हणतो आणि जातो. सहा महिने माझ्या मागे लागला होता की नवी सिस्टिम घ्या. मी त्याला उंबऱ्यातच धरला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. पोरगं ऐकत राहिलं. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच मध्ये दम घ्यावा लागला.

त्याने शांतपणे कबूल केलं की नवीन बसवावं असं त्याला वाटत होतं. पण चोरून कशाला बसवेल, आणि बसवलं असतं तर स्वतःचा पेनड्राइव्ह मागे ठेवून जायला तो काय दुधखुळा आहे? तो पेनड्राइव्ह त्याचा नव्हताच. त्याने तो आपल्या लॅपटॉपला लावला. आत एकच फाइल होती, जाडजूड अक्षरांत मुळाक्षरं, एका ओळीत एकच. अ, आ, इ, ई.

मी उसळलो. याची मुलगी बालवाडीत आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

"बालवाडीत आहे," तो म्हणाला, "पण तिच्या पुस्तकात अक्षरांपुढे असे आकडे नसतात. हे बघा. ह, एक दोन पाच. ज, दोन चार पाच."

मावशींनी मान वर केली. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात आणि प्रत्येक जागेला क्रमांक असतो. ह म्हणजे पहिला, दुसरा, पाचवा. ती ब्रेलची अंकलिपी होती.

मग जावईबापूने आजोबांच्या पोटातली नोंदवही उघडली. शनिवारी दुपारी दोन चाळीसला कुणीतरी नव्या सिस्टिमला मान्यता दिली होती. माउसने नाही, कीबोर्डवरचं एन्टर दाबून. चौकटीतलं "हो" आधीच निवडलेलं असतं, त्यामुळे एन्टर दाबलं की होकार गेलाच म्हणून समजा.

मावशींनी एकच विचारलं, मोठी अक्षरं नव्या सिस्टिमने केली का?

"नाही हो मावशी. ती जुनंच उचलते. अक्षरं कुणीतरी शनिवारी, तिच्या आधीच मोठी केलीत."

मी एकला निघालो तेव्हा ती बारीकच होती. म्हणजे एक ते दोन चाळीसच्या मध्ये इथे कुणीतरी बसलं होतं, आणि मी एका गरीब माणसाला फुकट झाडलं होतं. माफी मागायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्याला चहा सांगितला.

४

अकराला कंपनीचा गोडबोल्या आला. हा त्या बड्या कंपनीचा माणूस. तोंडात साखर, हातात करारपत्र. शनिवारीही येऊन गेला होता. आजोबा गेल्याचं ऐकून त्याने एवढा सुस्कारा सोडला की मला वाटलं, आता डोळे पुसतो. मग लगेच करार पुढे केला. आज सही, उद्या प्रोग्रॅम सुरू.

मी विचारलं, आमच्या जुन्या आकृत्या त्यात उघडतील? तो म्हणाला, दुर्दैवाने जुन्या फाइली नव्या प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत, पण पुन्हा काढायला फार तर तीन आठवडे. तीन आठवडे! भाचीच्या पेपरला सात दिवस होते.

मावशींनी त्याच्या हातात एक ब्रेलचं पान दिलं आणि छपाई कशी वाटते विचारलं. त्याने ते उलटं धरलं आणि सुबक आहे म्हणाला. मावशी हसल्या. शनिवारी तो दोनला निघाला होता, अण्णांनीच त्याला फाटकापर्यंत सोडलं होतं. त्याच्याकडे किल्लीही नव्हती. माझा दुसरा चोरही हातचा गेला.

तेवढ्यात अण्णा आपल्या खोलीतून आले. अण्णा आमचे कार्यवाह. हा छापखाना त्यांनी एका खोलीतून उभा केला. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा माणूस. या कंपनीचं वर्गणीचं पत्र दर वर्षी यायचं आणि दर वर्षी अण्णा त्यावर लाल पेनाने आडवं "नाही" लिहून परत पाठवायचे. त्यांचं ते "नाही" आम्हाला तोंडपाठ होतं. मला वाटलं, आता गोडबोल्याची धडगत नाही.

अण्णांनी करार हातात घेतला, जरा तिरका धरला, खाली ठेवला. मग मला म्हणाले की अटी वाचून दाखव, माझा चष्मा घरी राहिलाय. चष्म्याचं घर त्यांच्या खिशात फुगलेलं मला दिसत होतं. पण म्हटलं, असेल रिकामं. मी वाचलं. पैसे थांबले की प्रोग्रॅम थांबेल. अटी कंपनी केव्हाही बदलू शकेल. बदललेल्या अटी आपल्याला मान्य आहेत असं समजलं जाईल.

"सही करून टाकू," अण्णा म्हणाले.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी विचारलं, आणि माझ्या भाचीचं पुस्तक? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या की चार वाजेपर्यंत थांबा, तोवर सही नको.

५

मावशींची एक सवय आहे. दर सोमवारी त्या रद्दीच्या पोत्यात हात घालून अर्धे कोरे कागद वेगळे काढतात, कारण जाड कागद महाग आणि त्यांचा जीव त्यात अडकलेला. त्या दुपारीही त्या पोत्याशी बसल्या होत्या. मी यंत्राला टेकून शनिवारला शिव्या देत होतो.

एकदम त्या म्हणाल्या, "हे पान तुझं नाही."

मी बघितलं. पान यंत्राचं नव्हतंच. ठिपके कमीजास्त खोल, काही कागदाच्या पार गेलेले. लोखंडी पाटीत कागद अडकवून टोचणीने हाताने टोचलेलं होतं. आमची एक जुनी पाटी कपाटात असते, ती आता कुणी वापरत नाही. मावशींनी बोट फिरवलं आणि वाचलं, "मी जरलो नाजी." खाली पुन्हा तेच. पानभर तेच, अकरा वेळा.

मला हसू आलं. जरलो? नाजी? ही कुठली भाषा? जावईबापू म्हणाला, पासवर्ड असेल. मावशीही आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या, आणि ते पान त्यांनी मांडीवर नीट सरळ केलं.

त्यांनी सांगितलं की पाटीवर कागदाच्या मागच्या बाजूने टोचायचं असतं, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. मग कागद पालटला की ते सुलट वाचता येतं. आणि ह आणि ज ही आरशातली जोडी आहे. ह उलटा करायचा विसरलात की ज होतो. शिकताना हात इथेच घसरतो. त्या स्वतः शाळेत पहिले दोन महिने हत्तीला जत्ती लिहीत होत्या.

म्हणजे जिथे ज आहे तिथे ह वाचायचा. मी मनातल्या मनात वाचलं. मी हरलो नाही.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आता चल," मावशी उठल्या. "आणि तोफ, आज आवाज चढवायचा नाही."

६

अण्णा आपल्या खोलीत करारासमोर बसले होते. मावशींनी दार लावायला सांगितलं. मग त्या उभ्यानेच बोलल्या, हिशोब मांडावा तसं एकेक.

शनिवारी आजोबांपुढे जो बसला त्याने अक्षरं ताटाएवढी केली. म्हणजे त्याला थोडं दिसतं. मावशींना अक्षर डोंगराएवढं केलं तरी उपयोग नाही, आणि तोफेला, जावईबापूला मोठ्या अक्षरांची गरज नाही. चौकट आली तेव्हा त्याने फुलीवर टिचकी मारली नाही, एन्टर दाबलं. म्हणजे त्याला फुली सापडली नाही आणि कडेचा पुठ्ठाही वाचता आला नाही. तो ब्रेल शिकतोय, आणि नुकताच, कारण अजून ह चुकतो. आणि त्याच्याकडे किल्ली आहे.

"किल्ल्या तीन आहेत, अण्णा," मावशी म्हणाल्या, "आणि चष्मा तुम्ही घरी विसरला नव्हता."

अण्णांनी करार बाजूला सरकवला. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, मावशींना खोटं पाडावं, लाल पेन फेकावं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. वर्षभर नजर मधोमध पुसत चालली आहे, कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी हात टेकलेत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. पेनड्राइव्हवर अंकलिपी घेऊन ते शनिवारी आले, आमच्या यंत्रावर ती छापून घ्यावी म्हणून. आजोबा जागे होईपर्यंत पाटीवर टोचत बसले. आजोबांच्या पाठीत एकच भोक धड आहे, म्हणून ताईत काढून पेनड्राइव्ह लावला. मग कसलीशी चौकट आली. ती घालवायला त्यांनी एन्टर दाबलं, पडदा काळा झाला. ते घाबरले, टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलला आणि निघून गेले. सोमवारी माझं ओरडणं ऐकलं तेव्हा काय झालं ते त्यांना समजलं. सांगायचं तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं. सही करून निदान नुकसान भरून द्यावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"ब्रेल छापखान्याचा कार्यवाह आंधळा झाला म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले.

"लोकांचं जाऊ द्या," मावशींचा आवाज प्रथमच चढला. "मी एकतीस वर्षं इथे काय करतेय, अण्णा?"

अण्णांची मान खाली गेली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. पेनड्राइव्ह तर आजोबांच्या पाठीत होता. मग टेबलावरून अण्णांनी उचललं काय?

अण्णांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं आणि आतली वस्तू मावशींच्या तळहातावर ठेवली. "हा माझा पेनड्राइव्ह. काय करायचं ते करा."

मावशींनी त्यावरून अंगठा फिरवला. एका कडेला, त्यांना ओळखू यावा म्हणून मी चाकूने पाडलेली खाच होती.

"हा ताईत आहे," मावशी म्हणाल्या.

७

ताईत मिळाला, तरी आजोबांचं तोंड नवीनच होतं. तेव्हा जावईबापूने खुर्ची पुढे ओढली. ज्याला मी सकाळी चोर म्हटलं तो म्हणाला की दहा दिवसांच्या आत जुन्या सिस्टिमकडे परत जाता येतं, फक्त ती वाट त्यांनी सात दारांआड लपवून ठेवलीय. तो एकेक दार उघडत गेला. प्रत्येक दारात आजोबा विचारत, नक्की ना? कारण काय? पुन्हा एकदा विचार कराल का? जावईबापू दर वेळी दात-ओठ खाऊन "हो" दाबत होता. शेवटी डोंगर गेला, तळं गेलं, आमचा निळा रंग आला. मी ताईत खुपसला. सात मिनिटं. प्रोग्रॅम उघडला.

मी जावईबापूची माफी मागितली. मोठ्याने मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग पक्कड घेतली आणि इंटरनेटची वायर भिंतीपाशीच कापून टाकली. तो "अहो, अहो" करत होता, पण हसतही होता.

तीन दिवस यंत्र थांबलं नाही. वर्तुळं, स्पर्शिका, जीवा, सगळं ठोकून काढलं. मावशींची बोटं पानापानावरून गेली. गुरुवारी दुपारी दोन्ही भाग बांधून झाले आणि भाची स्वतः न्यायला आली. तिने तिथेच टेबलावर पुस्तक उघडलं, एका वर्तुळावरून बोट गोल फिरवलं आणि स्पर्शिका जिथे टेकते तिथे थांबली. "मामा, बिंदू बरोबर जागी आहे," ती म्हणाली. मला आणखी काही नको होतं.

आणि तेवढ्यात गोडबोल्या आला, सही केलेला करार न्यायला.

अण्णांनी करार काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने चाळला, मागचंपुढचं पाहिलं. सहीच्या जागी शाईचा थेंब नव्हता. कागदाला फक्त बारीक बारीक उंचवटे आले होते. तो हसत म्हणाला की अण्णासाहेब, इथे काहीच लिहिलेलं नाही.

"लिहिलंय," अण्णा म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नसेल, तर तिला विचारा."

भाचीने हात पुढे केला. मी तिचं बोट त्या जागी नेऊन ठेवलं. अण्णा टेबलापाशी पुढे सरकले. तिने एकदाच बोट फिरवलं.

"नाही," तिने वाचलं.

"ह कसा आलाय गं?" मावशींनी विचारलं.

"ह ना? बरोबर आलाय."